सहाशे नव्वद मिलिलिटर

दुखतं का, एवढंच विचारलंस तू फोनवर, मृण्मयी.
दुखतं. पण ते बरंच नंतर.

आधी रांग.
टोलीडोत रेनॉल्ड्स रोडवर, पूर्वी जिथे बुटांचं दुकान होतं.
काचेवर अजून सेलच्या अक्षरांचा डिंक आहे.
सकाळचे साडेसहा, उणे अकरा,
आणि आम्ही वीसेक जण नाकातून वाफ सोडत उभे.
कुणी कुणाकडे बघत नाही.

पत्त्याचा पुरावा ने.
मी विजेचं बिल नेलं होतं, थकलेलं, लाल शिक्क्याचं.
खिडकीतल्या मुलीने फक्त पत्ता वाचला.
तिचे उपकार.

मग प्रश्न. पानंच्या पानं प्रश्न.
गोंदवलंय का कुठे.
बहात्तर तासांपेक्षा जास्त तुरुंगात होतात का.
मला हसू आलं, ती म्हणाली, नुसतं हो किंवा नाही.
देशाबाहेर शेवटचं कधी गेलात?
कुठल्या देशाबाहेर, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

वजन एकशे दहा पौंड तरी लागतं.
मी एकशे अकरा भरले, खिशातल्या किल्ल्यांसकट.
तू जाशील तेव्हा आदल्या रात्री वरणभात खा, अंडी खा,
तांब्याच्या तांब्या पाणी पी.
तळलेलं नको. दुधाळ आलं तर परत पाठवतात,
आणि बसचे पैसे फुकट.

नखाला एक शाई लावतात, डोळ्यांना न दिसणारी,
निळ्या दिव्याखाली तेवढी चमकते,
त्याच दिवशी दुसरीकडे जाऊन बसू नये म्हणून.
मला कऱ्हाडच्या शाळेतलं मतदान आठवलं,
बाक, बाटली, बोट पुढे करा ताई.
इथे मला मत नाही.
बोट आहे.

आता ते दुखायचं.
सुई म्हणू नकोस, दाभण म्हण.
टॉनेशा नावाची बाई होती, तिने डावा हात चाचपला,
म्हणाली, शीर छान आहे हो तुमची.
किती वर्षांनी माझं काहीतरी छान होतं!
तेवढ्यात टोचून झालं.

दंडाचा पट्टा आवळला की मूठ दाब,
सैल पडला की सोड.
ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांग,
शहाणपणा करून गप्प बसू नकोस.
यंत्र घुसळत राहतं.
लाल घेतं, लाल परत देतं, त्याच भोकातून,
आणि मधलं काहीतरी ठेवून घेतं
बाटलीत. घाण्यावरच्या शेंगतेलाच्या रंगाचं.

रक्ताचं पाणी केलं तुमच्यासाठी,
बाबा म्हणायचे, महिनाअखेरीला हमखास,
आणि आम्ही भावंडं भिंतीकडे बघून तोंडं वेडावायचो.
मी बाटलीकडे बघितलं.
असं दिसतं होय ते.

शेवटी शिरेत सलाईन सोडतात. गार.
थंडी बाहेरून येते हे आपल्याला ठाऊक असतं,
ही आतून, कोपरापासून खांद्यापर्यंत चालत आली.
शेजारच्या खुर्चीत लेनी झिलिन्स्की,
काचकारखान्यात एकतीस वर्षं, आता आठवड्यातून दोनदा इथे.
त्याने न बोलता मोकळ्या हाताचा मोजा दातांनी ओढला
आणि माझ्या मांडीवर टाकला.
मोठा होता. मी दोन्ही हातांना आळीपाळीने घातला.

या हाताचं त्या हाताला कळू नये, असं शिकवलंय ना आपल्याला.
डाव्या हाताला पट्टी,
उजव्या हातात कार्ड, शंभर डॉलरचं.
पावतीवर डोनेशन लिहितात.
मी त्यातून गाडीची बॅटरी घेतली,
उरलेल्यात दूध, आणि एक महागडा साबण. का, ते विचारू नकोस.

एक सांगायचं राहिलं.
पहिली बाटली लगेच वापरत नाहीत.
गोठवून ठेवतात,
सहा महिन्यांत ते माणूस पुन्हा येतं का बघतात.
नाही आलं, तर ती वाया.

गुरुवारी साडेसहाला निघते आहे.
लेनीचा मोजा माझ्याकडेच राहिलाय.